मिटवल्याचा कागद

तलासरीच्या एका चिकू दलालाने मला फसवलं. अकरा वर्षं मी त्याच्याकडे माल घालत होते, त्याच्या घरच्या लग्नात पंगतीला वाढलं होतं, आणि त्याने माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच सहीने करून घेतला.

हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढे मला माझा मूर्खपणाही सांगायचा आहे. तो ऐकला की लोक मान हलवतात आणि म्हणतात, मग बाई, चूक तुमचीच. असेल. पण माझ्या चुकीत त्याची फसवणूक कोणी वळती करून घ्यायची नाही.

डहाणू रोड स्टेशनबाहेर मी टोपली घेऊन बसले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवरा गेलेला, मुलगी कडेवर. आज मसोलीला माझी पत्र्याची शेड आहे, एक टेम्पो आहे, आणि बोर्डीच्या चार वाड्यांतली फळं झाडावर असतानाच मी मक्त्याने घेते. हे सगळं भाव करून मिळवलेलं आहे. वाडीवाल्याशी भाव केला, टेम्पो विकणाऱ्याशी केला, बँकेच्या साहेबाशी केला. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. बाजारात त्याचा फायदाच होतो. समोरचा माणूस बिचकतो आणि एक पायरी खाली उतरतो. सगळीकडे असंच चालतं असं मी धरून चालले होते.

माझ्या क्रेटना निळा पट्टा असतो. निळा पट्टा म्हणजे मोठं, एकसारखं फळ. त्या हंगामात महिनाभर, दलाल माझा माल पुढे पाठवतो त्या मोठ्या बाजारातून बोल येत होता की निळ्या पट्ट्यात खाली बारीक फळ निघतं. मी माझ्या बायकांवर ओरडत होते, स्वतः उभी राहून फळ निवडून घेत होते, तरी बोल थांबेना. एका सकाळी तलासरीला, हायवेच्या कडेच्या दलालाच्या आवारात, माझा माल उतरवून झाल्यावर मी त्याच्या भरलेल्या टेम्पोवर चढले आणि निळ्या पट्ट्याची एक क्रेट उपसली. वरचा थर माझा होता. खाली लिंबाएवढी फळं.

टेम्पोवर त्याचा हमाल उभा होता. रानशेतच्या पुढच्या एका पाड्यावरचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

"बाय, मला काय इचारते? शेठला इचार."

"सगळ्या निळ्या क्रेट खाली घे. आत्ता."

"नाय घेत. शेठ माझ्यावर खेकसंल."

"शेठ खेकसेल तेव्हा खेकसेल, मी आत्ता खेकसतेय ते ऐकू येत नाही का तुला?"

मी क्रेट धरली, त्यानेही धरली. मी ओढली, त्याने ओढली. त्याची पाठ टेम्पोच्या उघड्या फाळक्याकडे होती. क्रेटचा प्लास्टिकचा कान माझ्या हातात तुटून आला आणि तो क्रेटसकट मागच्या मागे खाली गेला. हातावर पडला.

राग माझा होता. शिव्या माझ्या होत्या. हात मात्र मी लावलेला नाही. ही गोष्ट मी पोलिसांना, वकिलाला आणि देवाला सारख्याच शब्दांत सांगितली आहे.

त्याला सरकारी दवाखान्यात मीच नेलं, माझ्या टेम्पोतून. डॉक्टरांनी त्याला विचारलं, काय झालं? तो कण्हत म्हणाला, "टेम्पोवरनं पडलो." डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. बाहेरच्या मेडिकलवाल्याला औषधाचं नाव दाखवायचं म्हणून मी केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढला. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की मेडिकलवाल्याने चुकीचं औषध देऊ नये.

तिसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला. भाव करताना आम्ही इकडचे सगळेच मधूनमधून गुजरातीत जातो, तसा तोही गेला. "बेन, पाड्यावर जाऊन मिटवून टाक. मी येतो बरोबर. एक नारळ, दोन शब्द, पती गयुं." पती गयुं म्हणजे संपलं.

त्या पाड्यावरची रीत मला माहीत होती. भांडणात कोणाला लागलं तर दुसऱ्याने नारळ घेऊन त्याच्या दारी जायचं, खाली बसायचं आणि "चुकलं" म्हणायचं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, हे कोणी विचारत नाही. विचारलं म्हणजे भांडण जिवंत ठेवायचं आहे असा अर्थ होतो. "चुकलं" म्हणणारा तिथे गुन्हेगार ठरत नाही, उलट त्याला मोठ्या मनाचा समजतात. जखमी माणसाच्या औषधाचं बघायचं, चार वडीलधाऱ्यांनी पाणी प्यायचं आणि उठायचं.

रविवारी सकाळी मी गेले. ओटीवर पाड्यातले तीन म्हातारे, हमाल गळ्यात हात बांधून भिंतीला टेकलेला, त्याची बायको दारात. मी नारळ ठेवला, खाली बसले, "चुकलं" म्हणाले. एक म्हातारा म्हणाला, "झालं. च्या टाक गं." गोष्ट तिथे संपायला हवी होती. रीतीप्रमाणे संपलीच होती.

दलालाने खिशातून कागद काढला. "आजकाल तोंडाचं कोण मानतं? दोन ओळी लिहून ठेवू, दोघांच्या भल्याचं आहे."

कागद आधीच लिहिलेला होता. मी वाचला. न वाचता सही केली असती तर निदान सांगायला तोंड असतं. मी अक्षर न् अक्षर वाचलं. त्यात दोन गोष्टी मला खटकल्या. एक, मी रागाच्या भरात लोखंडी सळीने मारलं. दोन, हंगाम संपेपर्यंत माझा टेम्पो त्याच्या आवारात येणार नाही.

"सळी कुठून आली?" मी म्हणाले. "तिथे सळी नव्हती. मी मारलंच नाही."

"तसं नुसतं लिहायचं असतं, बेन. चुकलं म्हणतेस तर काय चुकलं ते नको का?"

"मग 'ओढाताणीत पडला' लिही."

"त्यात तुझी चूक कुठे आली? मग तू इथे कशाला आलीस, नारळ खायला?" म्हातारे हसले. मीसुद्धा हसले. "बरं, तू सांग. दोन्ही खोडायला सांगशील तर कागदच फाडतो, मग तुझं तू बघ. एक ठेव, एक काढतो."

माझं डोकं तिथे बाजारात गेलं. दोन मागण्या आहेत, एक सोडायची, एक घ्यायची. हंगामाच्या मध्यावर आवार गेलं तर चार वाड्यांचं फळ झाडाखाली सडलं असतं. आणि सळी? सळी म्हणजे नुसता शब्द. शब्दाला काय लागतं? मी अर्धा तास ओरडून, उठून जायचं नाटक करून, परत बसून, आवाराची ओळ खोडून घेतली. सळी मी दिली आणि आवार घेतलं. सही केली, म्हाताऱ्यांनी अंगठे उठवले. परत येताना मी टेम्पोत गाणं म्हणत होते, इतकी मी खूश.

हमाल तेव्हा खाली बघत होता. एकदा मान वर करून म्हणाला होता, "बाय, कागद कशाला?" मी त्याला म्हणाले, "तू गप बस, तुला कळत नाही." ते वाक्य मला अजून टोचतं.

नवव्या दिवशी दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. तक्रार दाखल झाली आहे, जबाब द्यायला या. तक्रार हमालाची, जोडलेला कागद माझा, दलालाने खिशात ठेवलेला. फोन ठेवला तेव्हा माझा पहिला विचार असा होता की आत्ताच्या आत्ता जाते, साहेबांसमोर बसते, चार शब्द त्यांचे ऐकते, चार माझे ऐकवते आणि मिटवते. मी टेम्पोची किल्ली हातात घेतलीसुद्धा. शेडमधली माझी जुनी कामवाली बाई दारात आडवी उभी राहिली. "ताई, पाड्यावर मिटवून आलीस ना? आता तिथे काय मिटवणार? आधी वकिलाकडे जा."

वकीलबाई मसोलीतच राहतात, रेल्वेतल्या एका कारकुनाची मुलगी. त्यांनी आधी माझी सगळी बडबड ऐकली, मग वेबसाइटवरून एफआयआर काढून वाचली आणि चष्मा खाली ठेवला.

"पोलिसांसमोर काही कबूल केलं असतंत तर ते कोर्टात तुमच्याविरुद्ध चाललं नसतं," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या चार माणसांसमोर केलेली कबुली चालू शकते. कच्चा पुरावा असतो, पण असतो. तुम्ही पोलिसांपासून वाचायला नेमक्या तिथे गेलात जिथे कबुली मोजली जाते."

"मॅडम, ती कबुली नव्हती. ती रीत होती."

"कागदावर रीत लिहिलेली नाही. सळी लिहिलेली आहे. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, त्याला जामीन ठाण्यातच झाला असता. त्यात हत्यार आलं की कलम बदलतं. आता जामीन हक्काने मिळत नाही, अटक होऊ शकते. आणि शाबित झालं तर कमीत कमी एक वर्ष. कमीत कमी. त्यात भाव होत नाही."

मुलगी बोर्डीला बारावीत होती. एक वर्ष ऐकून मी तिच्या परीक्षेपर्यंतचे महिने बोटांवर मोजले.

"मी जाऊन साहेबांना खरं सांगते."

"तुम्ही जाऊन भांडाल. मग भांडता भांडता 'हो, ओढलं मी, काय करणार आहात?' म्हणाल. ताई, तुमच्यासारख्या अशिलांना जेलपेक्षा जिभेची भीती जास्त असायला हवी. आज फोनवर एवढंच सांगा, मी हजर राहीन, कृपया लेखी नोटीस द्या, वकिलांसोबत येते. आणि आठवा, पडल्यावर दवाखान्यात काय लिहिलं गेलं?"

मी मोबाइल पुढे केला. तो फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, वाचला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं. "हा कुठेही पाठवू नका. कोणाला दाखवू नका. आधी मला पाठवा आणि मूळ फोन जपा."

त्यांच्या फीवरही मी भाव केला. त्या म्हणाल्या, "करा, सवय मोडू नका, पण माझ्या टेबलावर संपवा. कोर्टात नेऊ नका."

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. पालघरच्या कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकलेला, सुनावणी व्हायची होती. वकीलबाईंनी बजावलं होतं की सूर्य मावळल्यावर बाईला सहसा अटक करत नाहीत, त्याला न्यायाधीशांची परवानगी आणि महिला पोलीस लागते. म्हणून माझा दिवस उलटा झाला. बाजारातल्या बाईला सकाळ आवडते, मला संध्याकाळ आवडायला लागली. अंधार पडला की जीव भांड्यात पडायचा. दिवसा रस्त्यावर खाकी रंगाचं काहीही दिसलं, एसटीचा कंडक्टर दिसला तरी हातातलं फळ खाली पडायचं.

सुनावणीला सरकारी वकिलांनी माझा कागद मोठ्याने वाचला. "मी रागाच्या भरात लोखंडी सळीने मारले." माझंच वाक्य, माझीच सही, भरलेल्या खोलीत. मागच्या बाकावरचं कोणीतरी "बापरे" म्हणालं. मी उठणार होते. वकीलबाईंनी न बघता मागे हात करून माझा पदर धरला आणि बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. त्यांनी केसपेपर पुढे ठेवला. म्हणाल्या, जखमी माणसाने डॉक्टरांना सगळ्यात आधी काय सांगितलं ते यात आहे, ते पोलिसांनी दवाखान्यातून मागवून ताडून पाहावं. सळी कुठेही सापडलेली नाही. कागद लिहिणारा माणूस जखमीचा मालक आहे. दहा मिनिटांत झालं सगळं. माझ्या अर्ध्या तासाच्या ओरडण्याने जे घालवलं होतं त्यातलं थोडं त्या दहा मिनिटांनी परत आणलं. जामीन झाला.

बाहेर येऊन त्यांनी अटी वाचून दाखवल्या. आठवड्यातून दोनदा ठाण्यात हजेरी. तपासाला सहकार्य. आणि साक्षीदारांशी कोणत्याही मार्गाने संपर्क नाही. "हमाल साक्षीदार, ते तीन म्हातारे साक्षीदार, दलाल साक्षीदार. रस्त्यात दिसले तर रस्ता बदला. शिवी दिलीत तर साक्षीदाराला धमकावलं म्हणून जामीन रद्द करायला अर्ज येईल. गोड बोललात तर फितवलं म्हणून येईल."

"म्हणजे त्याने मला फसवलं आणि मी त्याला काही बोलायचंही नाही?"

"बरोबर समजलात."

ठाण्यातल्या चौकशीला त्या दारापर्यंत आल्या. मला सांगितलं होतं, नाव, पत्ता, धंदा नीट सांगा, खोटं एक अक्षर बोलू नका, अंदाजाने काही भरू नका, आणि जिथे अडेल तिथे म्हणा, हे मी वकिलांना विचारून सांगते. मी चौदा वेळा तसं म्हणाले. तपास करणाऱ्या साहेबांनी शेवटी पेन ठेवलं. "बाई, तुम्ही बाजारात पण अशाच गप्प असता का?" मी म्हणाले, "हे मी वकिलांना विचारून सांगते." ते हसले. मला हसू आलं नाही.

दोषारोपपत्र आलं, खटला डहाणूच्या कोर्टात लागला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी "नाही" म्हणाले. एवढा छोटा शब्द बोलायला मला आयुष्यात इतका त्रास झाला नव्हता, कारण त्याच्यापुढे "पण" लावायची मला सवय आहे.

आणि मग, साक्षी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, सकाळी दहा वाजता दलाल माझ्या शेडमध्ये आला.

सहा बायका फळं निवडत होत्या. तो उलटी क्रेट ओढून बसला, जसा अकरा वर्षं बसायचा तसा. "काय बेन, पाणी तरी पाज."

मी निवडायच्या टेबलापाशी उभी होते. त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता, उभा, कॅमेरा बाहेर, माझ्याकडे. माझी नजर तिथे गेली: मी काही बोलले की तेवढाच तुकडा कापून तो कोर्टात दाखवणार.

"रागावलीस ना? रागाव. शिव्या दे, तुझा हक्क आहे," तो म्हणाला. मी एक चिकू उचलला, पुसला, ठेवला. "मी काय म्हणतो, कोर्टात मी सांगतो, कागद मी लिहिला, सळी माझ्या डोक्यातली. एका मिनिटात सुटशील. तू बोर्डीच्या चारातल्या दोन वाड्या माझ्याकडे दे. मुलीच्या परीक्षेच्या आत मोकळी होशील."

दोन वाड्या द्यायच्या, दोन ठेवायच्या. देवाशपथ सांगते, माझं डोकं लगेच मोजायला लागलं. दोनावरून एका वाडीवर आणता येईल, इथपर्यंत मी मनात पोचले होते. त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं, कारण तो गालात हसला. त्या हसण्याने माझा हात टेबलावरच्या काट्याच्या वजनाकडे गेला. दोन किलोचं, लोखंडी. बोटं त्यावर बसली. सहाही बायकांचे हात थांबले.

मी बोटं एकेक करून सोडली. जुन्या बाईला म्हणाले, "यांना पाणी दे," आणि मागच्या दाराने बाहेर पडले. चप्पलही घातली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि वकीलबाईंना फोन लावला.

"काय बोललात त्याच्याशी?"

"काही नाही."

"खरं सांगा, ताई."

"'पाणी दे' म्हणाले. ते पण बाईला."

"तिथेच उभ्या राहा. तो जाईपर्यंत आत जाऊ नका. मग सहाही बायकांना घेऊन या. साक्षीदार स्वतःहून आला, काय म्हणाला, कोण हजर होतं, आजच लिहून पोलीस ठाण्यात आणि कोर्टात द्यायचं. त्याने तुमच्याआधी जाऊन उलटं लिहून द्यायच्या आत."

आम्ही त्या दिवशी फळं तशीच सोडून गेलो. अर्जावर सहा जणींनी सह्या केल्या. दोघींना लिहिता येत नाही, त्यांनी अंगठे दिले. प्रत्येकीला वकीलबाईंनी आधी वाचून दाखवलं आणि विचारलं, जे ऐकलं नाही असं काही यात आहे का? एकीने एक वाक्य खोडायला लावलं, म्हणाली, "तो हसला ते मी नाय बघितलं, माझी पाठ होती." वकीलबाईंनी तेवढ्या नावापुढे ते लिहिलं. मी बघत राहिले. कागद असा करायचा असतो.

आता दलालाच्या साक्षीची तारीख आहे. दोनदा समन्स गेलं, दोनदा तो आजारी पडला. तलासरीच्या आवारात मात्र तो रोज उभा असतो, लोक येऊन सांगतात. हमालाची साक्षही व्हायची आहे, म्हणून मी त्याची चौकशी करत नाही. पण आपोआप कानावर येतं ते असं की त्याचं मनगट वाकडं बसलं, क्रेट उचलवत नाही, आणि दलालाने त्याला कामावरून काढून टाकलं. ज्याच्या नावाने तक्रार केली त्यालाच.

वकीलबाई म्हणतात, हेही लिहू नका. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. कोणाला धमकी देत नाही, कोणाकडून काही मागत नाही, आणि वाड्या चारच्या चार माझ्याकडेच राहतील. माझं एवढंच म्हणणं आहे की त्याने तिसऱ्यांदा आजारी पडू नये. डहाणूच्या कोर्टात यावं, शपथ घ्यावी, आणि एका मोडक्या हाताच्या माणसाकडून खोटी तक्रार का करवली आणि त्याला रस्त्यावर का सोडलं, याचं उत्तर त्या माणसाच्या आणि माझ्या तोंडावर द्यावं.